पडदा कुठे टांगायचा, हे कोण ठरवणार?

गावाचा नकाशा कोणी काढला, हा प्रश्न आपल्या आजा-पणजांना कधी विचारू दिला गेला नाही. देऊळ कुठे, पाटलाचा वाडा कुठे, पाणवठा कुठे आणि महारवाडा कुठे, हे सगळे आधीच ठरलेले होते. त्या रचनेवर कुठेही पाटी लावलेली नव्हती, तरी तिचा अर्थ लहान लेकरालाही कळत होता. कोण मध्यभागी आणि कोण वेशीबाहेर, एवढ्या एका मांडणीतून माणसाची किंमत सांगितली जात होती. म्हणून मांडणी ही निरुपद्रवी गोष्ट आहे असे कोणी म्हणाले, तर निदान आपण तरी त्यावर विश्वास ठेवू नये.

आज हा विषय काढण्याचे कारण मात्र वेगळे आहे. चित्रकलेच्या क्षेत्रात 'व्हिडिओ कला' हा प्रकार आपल्या देशात १९९० नंतर रुजला. कॅनव्हासच्या जागी हलते चित्र आले, रंगाच्या जागी प्रकाश आणि आवाज आला. मुंबई-दिल्लीच्या कलादालनांत, कोचीच्या बिनालेत, युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत असे व्हिडिओ लावले जातात. त्यात आता आपली माणसेही दिसू लागली आहेत. आपले शाहीर, आपल्या वस्त्या, आपले मोर्चे, आपल्यावरचे अत्याचार. आपले लोक पडद्यावर आले याचे चळवळीतील वाचकाला समाधान वाटते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु पडद्यावर कोण आहे एवढे विचारून आपण थांबतो. तो पडदा कोणत्या खोलीत, कशाच्या शेजारी, किती उंचीवर लावला आणि हे कोणी ठरवले, हे विचारण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. ती लागली पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

सिनेमागृह आणि कलादालन यांतला फरक आधी समजून घेतला पाहिजे. सिनेमागृहात प्रेक्षक तिकीट काढतो, खुर्चीत बसतो, दिवे जातात, चित्रपट सुरू होतो आणि संपतो. दिग्दर्शकाने ज्या क्रमाने सांगितले त्याच क्रमाने तो ऐकतो. कलादालनात प्रेक्षक उभा असतो, चालत असतो. व्हिडिओ दिवसभर गोल गोल फिरत असतो. प्रेक्षक मधेच आत येतो आणि मधेच निघून जातो. पडदा एक असेल, आठ असतील, बारा असतील. एकाकडे पाहताना दुसरा पाठीमागे राहतो. अशा ठिकाणी अर्थ ठरवण्याची निम्मी सत्ता कलावंताच्या हातून सुटते आणि मांडणी करणाऱ्याच्या, म्हणजे क्युरेटरच्या हाती जाते. कोणाला घ्यायचे, कोणाला वगळायचे, कोणाच्या शेजारी कोणाला ठेवायचे, आवाज किती ठेवायचा, पाटीवर काय लिहायचे, हे सगळे तो ठरवतो. अनेक कलावंत स्वतःही या निर्णयात भाग घेतात, पण दालनाची किल्ली ज्याच्या हातात असते त्याचा शब्द शेवटचा असतो.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, अत्याचारात मुलगा गमावलेल्या एका आईची वीस मिनिटांची साक्ष व्हिडिओत आहे. दालनात बसायला बाक ठेवला नसेल, तर उभा राहून कंटाळलेला प्रेक्षक दोन मिनिटांत पुढच्या खोलीत जाणार. ती माऊली अर्धवट ऐकली जाणार. आवाजासाठी एकच हेडफोन टांगला असेल, तर एका वेळी एकच जण ऐकणार आणि बाकीच्यांना तिचे फक्त हलणारे ओठ दिसणार. बाजूच्या खोलीतल्या दुसऱ्या व्हिडिओत ढोल वाजत असेल, तर तिचा हुंदका त्या ढोलात बुडणार. तिची साक्ष एखाद्या सुंदर निसर्गदृश्याच्या शेजारी लावली, तर तीही एक 'दृश्य' होऊन जाणार. आणि शेजारच्या पाटीवर तिचे नाव, गाव, तारीख न लिहिता 'वेदना' असा एकच शब्द लिहिला, तर गुन्हेगार दालनाच्या दारातूनच सुटला असे समजा! व्हिडिओतले एक अक्षरही न बदलता हे सगळे घडू शकते. मांडणीची ताकद ती ही.

आता प्रत्यक्षातली कामे पाहू. अमर कंवर या दिल्लीच्या चित्रपटकाराने २००२ मध्ये 'अ नाइट ऑफ प्रॉफेसी' हा चित्रपट केला. महाराष्ट्रातल्या दलित कवी-गायकांपासून आंध्र, नागालँड, काश्मीरपर्यंतची विद्रोही कविता त्यात आहे. त्यांचेच २००७ मधले 'द लाइटनिंग टेस्टिमनीज' हे काम फाळणीपासून मणिपूरपर्यंत स्त्रियांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांविषयी आहे. जर्मनीतल्या कासेल येथील डॉक्युमेंटा प्रदर्शनात ते आठ पडद्यांवर दाखवले गेले. त्याच विषयाचा एका पडद्यावरचा, दोन तासांच्या आसपासचा चित्रपटही आहे. एका पडद्यावर एक कहाणी संपते तेव्हा दुसरी सुरू होते. आठ पडद्यांच्या खोलीत मात्र आठही कहाण्या एकाच वेळी आपल्याभोवती उभ्या राहतात. कुठेही तोंड फिरवले तरी समोर साक्ष असते. 'हा एक अपवादात्मक प्रसंग होता' असे म्हणण्याची सोय त्या खोलीत उरत नाही. ही किमया मांडणीची आहे.

नलिनी मलानी यांनी १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचणीनंतर 'रिमेंबरिंग टोबा टेक सिंग' हे काम केले. सआदत हसन मंटो यांच्या फाळणीवरील कथेचा त्याला आधार होता. भिंतींवर मोठी चित्रफीत आणि जमिनीवर पत्र्याच्या ट्रंका. त्या ट्रंकांत छोटे टीव्ही संच ठेवलेले. निर्वासित माणूस घर सोडताना जी ट्रंक उचलतो, तीच ही ट्रंक. तिच्यात काय आहे हे पाहायचे तर प्रेक्षकाला वाकावे लागते. भिंतीवर सत्तेचा स्फोट आणि पायाशी सामान्यांचा संसार, ही रचना कोणतेही भाषण न देता राजकारण सांगते. हे काम मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मांडले गेले होते. जिथे सहलीची पोरे आणि गावाकडचे पाहुणे येतात, अशी ती जागा. श्रीमंतांच्या खाजगी गॅलरीत तेच काम वेगळ्या लोकांनी पाहिले असते आणि त्याचा अर्थही वेगळा झाला असता.

तिसरे उदाहरण आपल्या आणखी जवळचे आहे. मुंबईतील 'कॅम्प' या कलावंतांच्या गटाने २०२२ मध्ये 'बॉम्बे टिल्ट्स डाउन' हे काम केले. मध्य मुंबईतल्या एका उंच इमारतीच्या माथ्यावर बसवलेल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याने शहर टिपले आहे. कॅमेरा आकाशाला भिडलेल्या टॉवरवरून हळूहळू खाली उतरतो आणि पत्र्याच्या छपरांपर्यंत येतो. सोबत मुंबईच्या कष्टकरी आणि दलित शाहिरीचा आवाज मिसळलेला आहे. कोचीनंतर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्येही ते सात पडद्यांवर दाखवले गेले. हेच चित्रण एखाद्या चौकीतल्या छोट्या पडद्यावर दिसले असते, तर ती वस्तीवरची पाळत ठरली असती. सात भव्य पडदे आणि शाहिराचा आवाज यांमुळे ती विषमतेची साक्ष ठरते. कॅमेरा तोच, शहर तेच. फरक मांडणीचा.

यावर कोणी म्हणेल, हा मुंबई-न्यूयॉर्कच्या पैसेवाल्यांचा विषय झाला. वाशिम जिल्ह्यात सोयाबीनचा भाव आणि पोराची नोकरी यापलीकडे बोलायला फुरसत कोणाला आहे? २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातून वाशिमचे नाव घातले आणि त्यावर 'आकांक्षित जिल्हा' अशी चिठ्ठी चिकटवली. अशा जिल्ह्याने व्हिडिओ कलेची चर्चा का करावी?

करावी, कारण भिंतीवरील चित्रांची मांडणी हा वाशिमला परका विषय नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खू संघासाठी कोरवून घेतले. तसा शिलालेख त्या लेण्यात आहे. त्या लेण्यात शिरणारा माणूस बाहेरच्या लख्ख उजेडातून ओसरीत येतो, ओसरीतून खांबांच्या अंधाऱ्या सभागृहात येतो आणि समोर पाय सोडून बसलेली तथागतांची भव्य मूर्ती पाहतो. भिंतींवर नंदाच्या प्रव्रज्येची कथा आहे, तथागतांच्या जीवनातील प्रसंग आहेत. ही चित्रे एका जागी बसून दिसत नाहीत. चालावे लागते, थांबावे लागते, दिवा पुढे धरावा लागतो. भिक्खूंच्या खोल्यांची दारे याच चित्रांच्या सभागृहात उघडतात. म्हणजे चित्र कुठे, उजेड कुठून, माणसाचे पाऊल कोणत्या दिशेने आणि शेवटी नजर कुठे स्थिरावली पाहिजे, याचा विचार दीड हजार वर्षांपूर्वी झालेला होता. धम्म सांगण्यासाठी भिंत, अंधार आणि चालणारा माणूस यांचा उपयोग कसा करावा, हे ज्यांना ठाऊक होते ते आपले पूर्वसुरी. ज्यांनी छिन्नी आणि कुंचला धरला त्या कारागिरांची नावे मात्र शिलालेखात आली नाहीत. दान देणाऱ्याचे नाव कोरले जाते, राबणाऱ्याचे विरून जाते, हाही मांडणीचाच एक धडा आहे.

चित्रांची जागा आणि क्रम यांवर केवळ कलेचाच अर्थ अवलंबून असतो असे नाही. माणसाच्या जीवाचा न्यायही अवलंबून असतो. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. गॅसच्या टँकरला आग लावली जाण्याचा धोका होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन तेव्हा केले गेले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. आनंद पटवर्धन यांनी 'जयभीम कॉम्रेड' या २०११ मधील चित्रपटात या टँकरच्या कथेची उलटतपासणी केली. टँकर कुठे होते, माणसे कुठे पडली, काय आधी घडले आणि काय नंतर, हे त्यांनी चित्रे समोर ठेवून विचारले. पेटलेल्या गाडीचे दृश्य आधी आणि गोळीबार नंतर असे दाखवले की मेलेली माणसे दंगलखोर ठरतात. क्रम बदलला की तीच माणसे हुतात्मे ठरतात. हा चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत उघड्यावर, लोकांच्या मध्ये दाखवला गेला. तो कुठे दाखवायचा हा निर्णयही चित्रपटाच्या आशयाचाच भाग होता.

दुसरी आठवण अधिक जड आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मृतदेहांची छायाचित्रे समाजात हातोहात फिरली. त्या वेळी प्रस्थापित माध्यमे गप्प होती, त्यामुळे त्या छायाचित्रांनीच लोकांना जागे केले हे मान्य करावे लागेल. परंतु मोर्चातला फलक आणि प्रदर्शनातली भिंत यांत फरक आहे. उद्या कोणी ती छायाचित्रे दहा फुटांच्या पडद्यावर, थंडगार दालनात, चहापानाच्या उद्घाटन सोहळ्यात लावली तर? ती आपल्या माय-बहिणीची दुसऱ्यांदा विटंबना ठरणार नाही काय? तिथे त्यांचे हसरे, जिवंत फोटो असावेत, मुलीच्या शिक्षणाची नोंद असावी, न्यायालयातील तारखांची ओळ असावी, की केवळ प्रेते? हा निर्णय ज्यांच्या घरात कधी असे प्रेत आले नाही त्यांच्यावर सोपवून आपल्याला चालणार नाही.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे, देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथे नगाऱ्याच्या आकाराची भव्य वास्तू उभी राहिली आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या समाजाने पाठीवर मीठ-धान्य वाहून देश जोडला, त्याच्या इतिहासाला पक्के छप्पर मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. वाशिम जिल्ह्यातील भटक्या-विमुक्त आणि बौद्ध तरुणांनी तेथे आवर्जून जावे. पण जाताना काही प्रश्न खिशात घेऊन जावे. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. 'विमुक्त' हा शब्दच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण देतो. तो कायदा स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये रद्द केला. हा अन्यायाचा इतिहास संग्रहालयात कोणत्या दालनात आहे? पोशाख-दागिन्यांच्या आधी की नंतर? त्याला भिंत किती दिली आहे? पडद्यावर गोरबोली ऐकू येते का? तांड्यावरची, ऊसतोडीला जाणारी बाई तेथे स्वतः बोलते, की तिच्यावर कोणी दुसरा बोलतो? नेत्यांच्या तसबिरी किती आणि तांड्याची माणसे किती? हे प्रश्न टीकेसाठी नाहीत. संग्रहालय जिवंत ठेवायचे असेल तर त्याच्या समाजाने ते विचारत राहिले पाहिजेत.

हेच प्रश्न आपण स्वतःच्या घरालाही लावले पाहिजेत. १४ एप्रिलला आता गावोगावी एलईडी पडदे लागतात. त्यांवर काय दिसते? वर्गणी देणाऱ्याचा फोटो मोठा, नगरसेवकाचा त्याहून मोठा आणि बाबासाहेब कोपऱ्यात! डीजेच्या आवाजात त्यांचा विचार ऐकू येत नाही. मंचावर पुढाऱ्यांची पहिली रांग, खाली पुरुष, मागे बाया. ही मांडणी आपल्याला कोणी मनुवाद्याने करून दिली काय? ती आपणच केली आहे. याउलट दीक्षाभूमीवरची पुस्तकांची दुकाने पाहा. माणूस कोणत्याही बाजूने आला तरी पुस्तकाला धडकतोच. तेथे उच्च आसन नाही, पहिली रांग नाही. तीही आपलीच मांडणी आहे आणि ती जगातल्या कोणत्याही क्युरेटरला शिकवण्यासारखी आहे.

या क्षेत्रात आपली माणसे पोहोचत आहेत, हेही सांगितले पाहिजे. प्रभाकर कांबळे २०२२ च्या बर्लिन बिनालेत सहभागी होते. त्याआधी २०२१ मध्ये 'ब्रोकन फूट' या विषमतेवरील प्रदर्शनाची मांडणी त्यांनी स्वतः केली. राज्यश्री गुडी, विक्रांत भिसे, योगेश बर्वे ही नावे कलाजगतात आदराने घेतली जातात. पण कलावंत दहा तयार झाले तर क्युरेटर एक तयार होतो, अशी स्थिती आहे. क्युरेटर होण्यासाठी इंग्रजी लागते, शहरातली ओळख लागते, बिनपगारी उमेदवारीची वर्षे लागतात. कारंज्याच्या किंवा रिसोडच्या मजुराच्या पोराने ती कुठून आणायची? म्हणून परदेशी शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अभियांत्रिकी-व्यवस्थापनासोबत संग्रहालयशास्त्र हाही विषय निवडावा. डॉक्टर रोग बरा करतो, वकील खटला लढतो. पण शंभर वर्षांनी त्या खटल्याची आठवण लोकांसमोर कशी यावी, हे संग्रहालयात काम करणारा माणूस ठरवत असतो.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे सहा तालुके आहेत: वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. प्रत्येक तालुक्यात विहार आहेत, समाजमंदिरे आहेत. घराघरांत जयंतीच्या, धम्म परिषदांच्या, नामांतराच्या काळातल्या सभांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी पडल्या आहेत. त्यांना बुरशी लागण्याआधी त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. मूळ प्रत ज्याची त्याच्याकडे, दुसरी विहाराच्या कपाटात. मग एक प्रोजेक्टर, पांढरी चादर आणि चार सतरंज्या एवढ्यावर तालुक्यातालुक्याला फिरते प्रदर्शन होऊ शकते. त्याचे नियम मात्र आपण आधी ठरवावेत. पडद्यावरच्या प्रत्येक माणसाचे नाव-गाव मराठीत लिहिलेले असेल. त्याची किंवा त्याच्या घरच्यांची परवानगी घेतलेली असेल. साक्ष सुरू होण्याची वेळ दारावर लावलेली असेल, म्हणजे कोणी ती मधूनच ऐकणार नाही. बसायला जागा असेल आणि पुढची जागा म्हाताऱ्या बायांची असेल. एका खोलीत एकच आवाज असेल. अत्याचारित माणूस आधी माणूस म्हणून दिसेल, मग बळी म्हणून. मांडणी करणाऱ्या मंडळात निम्म्या स्त्रिया असतील. या नियमांना ना सरकारी अनुदान लागते ना परदेशी पदवी.

बाबासाहेबांनी आपल्याला गावकुसाबाहेरून उठवून संविधानाच्या पहिल्या पानावर 'आम्ही भारताचे लोक' यांच्यात आणून बसवले. तीही एक मांडणीच होती आणि तिने हजारो वर्षांची मांडणी मोडून काढली. आज आपली चित्रे, आपले आवाज, आपल्या वेदना जगभरच्या दालनांत जात आहेत. ती तिथे जाऊ द्यावीत. पण कोणत्या खोलीत, कोणाच्या शेजारी आणि कोणत्या शब्दांच्या पाटीखाली, हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती आपली खुर्ची असलीच पाहिजे. ती कोणी आपण होऊन देणार नाही. वेशीच्या आतली जागा तरी कोणी आपण होऊन दिली होती?